खात्री: पंखा चालू आहे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते आमच्या साहेबांचे. आईवडिलांचे आहेतच, पण मी कसाही निघालो असतो तरी त्यांनी मला वाढवलंच असतं. साहेबांवर तसं काही बंधन नव्हतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं असतं तर "पूर्ण नाव का नाही, कोणाला विचारून लिहिलंस, भेट झाली ती वेळ कुठे आहे" अशा त्यांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा सगळ्या कागदावर उमटल्या असत्या आणि हे लिखाण पहिल्याच पानावर अडलं असतं.

नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानसा कारखाना होता. तिथे आम्ही भट्ट्यांचे कंट्रोलर बनवायचो. कंट्रोलर म्हणजे एक लोखंडी डबा. आत मायक्रोप्रोसेसर, बाहेर चार दिवे आणि बाजूला अरुंद कागदी पट्टीवर छापणारा छोटा प्रिंटर. हा डबा भट्टीला सांगायचा, आता तापव, आता थांब. डब्याच्या पोटातला प्रोग्राम साहेब लिहायचे आणि त्यांच्या हाताखाली आम्ही तिघं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी कॉम्प्युटरचं काम करतो म्हटलं की गावाकडचे लोक हात पुढे करायचे. जत्रेत कॉम्प्युटर भविष्य सांगतो, तोच धंदा मी करतो असं त्यांना वाटायचं.

मी सायखेड्याचा. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते. घरातला पहिला पदवीधर मी. नोकरीच्या मुलाखतीला आलो तेव्हा पायात मावसभावाचे बूट होते आणि तोंडपाठ केलेली सगळी उत्तरं डोक्यात एकमेकांवर चढून बसली होती. साहेबांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या हातून झालेली शेवटची चूक कोणती?"

याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, छत्री एसटीत राहिली."

"केव्हा कळलं?"

"आत्ता. तुम्ही विचारल्यावर."

त्यांनी घड्याळ पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून या. छत्री सीबीएस स्टँडवर चौकशी खिडकीत विचारा, आणि कोणत्या गाडीत राहिली ते आधी सांगा, मग बाकीचं."

मात्र सहा महिने कच्ची नोकरी. नंतर कायम करायचं की घरी पाठवायचं ते मालक ठरवणार. माझ्या आधीच्याला पाचव्या महिन्यातच घरी पाठवलं होतं. इकडे वडिलांनी मी कायमच झालो असं सगळ्या शाळेला सांगून टाकलं होतं, पहिलीच्या वर्गालासुद्धा.

साहेब आधी रेल्वेत होते, इगतपुरीला, सिग्नलच्या कामावर. त्यांच्या डोक्यातलं सगळं तिथून आलेलं. ते सांगायचे, "गाडी समोरून गेली म्हणजे गेली असं नाही. शेवटच्या डब्यामागचा दिवा डोळ्यांनी बघायचा. तो दिसला तर गाडी पूर्ण गेली. नाहीतर निम्मे डबे घाटात, आणि तुम्ही मागच्या गाडीला हिरवा दाखवताय."

हाच दिवा त्यांनी प्रोग्राममध्ये आणला होता. प्रोग्राम लिहिताना आपण कितीतरी गोष्टी धरून चालतो. दार लावलेलं असेल, पंखा फिरत असेल, तापमान शंभराच्या खाली असेल. साहेबांचा नियम असा की जे धरून चालला आहात ते एका ओळीत लिहायचं आणि ते खरं आहे का हे त्या त्या वेळी यंत्रालाच बघायला लावायचं. खरं असेल तर पुढे जायचं. खोटं निघालं तर तिथल्या तिथे थांबायचं आणि पट्टीवर छापायचं: कोण थांबलं, काय अपेक्षित होतं, काय सापडलं. इंग्रजी पुस्तकांत या ओळीला असर्शन म्हणतात. साहेब तिला खात्री म्हणायचे, आणि अनेकवचनात खात्र्या.

खात्र्या फक्त प्रोग्राममध्ये राहिल्या असत्या तर मालक सुखी झाले असते. साहेब संध्याकाळी घरी निघताना कारखान्याच्या पायरीवर उभे राहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "खात्री: किल्ली डाव्या खिशात." खिसा चाचपायचे. "खात्री: चष्मा नाकावर. खात्री: डबा पिशवीत." सगळं जुळलं की निघायचे. एखादी खात्री तुटली तर तिथून पुढे काही चालायचं नाही. परत आत येऊन खुर्चीत बसायचे, ती वस्तू शोधायचे, आणि मग सगळं पहिल्यापासून. निरोपसुद्धा.

"येतो."

"या, साहेब."

एका शनिवारी रुमाल सापडत नव्हता. त्या दिवशी आम्ही त्यांना चार वेळा "या, साहेब" म्हणालो. पाचव्या वेळी आमच्यातला एक जण पुटपुटला, "आता जा, साहेब." ते थांबले, वहीत लिहून घेतलं आणि गेले. ती वही कोणालाही बघायला मोकळी होती. मी एकदा वाचली आहे. "९.१०. शेजारी हसले. कारण माहीत नाही." "१.३५. भाजीत मीठ नाही. अपेक्षा: होती. हिला सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे." "१.३६. माहीत होतं तर आधी का सांगितलं नाही, हे विचारलं नाही."

वहिनी फार सोशिक होत्या, पण गरीब नव्हत्या. त्यांच्या घरी जेवायला गेलो की लग्नाची गोष्ट हमखास निघायची. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं सुरू करणार, तेवढ्यात नवरदेव भटजींना हळूच म्हणाले, "पलीकडे तीच आहे ना?" भटजी गोंधळले. म्हणाले, "दुसरी कोण असणार?" नवरदेव म्हणाले, "नसणारच, म्हणून तर आत्ता बघायचं. नंतर बघून काय उपयोग?" तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडून वहिनींचा आवाज आला, "मीच आहे. चालू द्या."

"आणि अजून विचारतात," वहिनी वाढता वाढता म्हणायच्या. "दार वाजवलं की मी कोण म्हणते, तर हे म्हणतात, मी. आणि आत कोण?"

कारखान्यासमोर एक मिसळवाले होते. साहेब ताट समोर आलं की चमचा बुडवून आधी तळ बघायचे. "खात्री: मटकी आहे." मिसळवाले एकदा वैतागून म्हणाले, "साहेब, मटकी नसेल तर मी दुकान बंद करीन."

"मीही तेच म्हणतो," साहेब म्हणाले. "बंद करा. पण नुसता रस्सा देऊन मिसळ म्हणू नका."

नोंदींच्या बाबतीत ते तर फारच कडक होते. बाजारातल्या दुसऱ्या यंत्रांवर बिघाड झाला की नुसतं "एरर १४" असं यायचं. साहेबांना त्याचा मनापासून राग. "ताप आलेला माणूस डॉक्टरकडे जाऊन चौदा म्हणतो का? अंग दुखतंय म्हणतो, कालपासून म्हणतो. यंत्रानंही नीट सांगावं." म्हणून आमची यंत्रं पट्टीवर पूर्ण वाक्यं छापायची. प्रिंटरला देवनागरी येत नव्हती, तेव्हा इंग्रजी अक्षरांत मराठी. ऑपरेटर लोकांना ते अडखळत का होईना, वाचता यायचं.

त्यावरून मालक आणि साहेब यांचं दहा वर्षांचं भांडण होतं. मालक म्हणायचे, यंत्र बडबडतं आणि ऊठसूट थांबतं. साहेबांच्या प्रोग्राममध्ये एक खात्री होती की वाराचा आकडा एक ते सात यांच्यातच असेल. मालक म्हणाले, "आठवा वार येणार कुठून?"

"येणार नाही."

"मग बघता कशाला?"

"येणार नाही म्हणूनच."

पुढे एका बड्या गिऱ्हाइकासमोर यंत्र सुरू केलं, आणि ते थांबलं. पट्टी बाहेर आली: आज आठवा वार आहे. असं व्हायला नको होतं. थांबतो. गिऱ्हाईक पोट धरून हसलं. साहेबांनी डबा उघडला, तर एका चिपचा पाय वाकलेला. तो सरळ केला आणि वार मंगळवार झाला. साहेब विजयी चेहऱ्यानं मालकांकडे बघत होते. मालक निघून चाललेल्या गिऱ्हाइकाच्या गाडीकडे बघत होते.

माझा सहावा महिना लागला तेव्हा विंचूरकडच्या एका कांदा वाळवणीच्या कारखान्याचं काम आलं. कांद्याचे काप ट्रेमध्ये पसरायचे, ट्रे भट्टीत लावायचे, पंख्यानं गरम हवा फिरवायची. या वेळी मालकांनी साहेबांना निक्षून सांगितलं, "खात्र्या काढा. मला न थांबणारं यंत्र पाहिजे."

 मंगळवारी साहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. प्रोग्रामच्या डोक्यावर एक आकडा होता. तिथे एक असला की सगळ्या खात्र्या आत, शून्य केला की सगळ्या बाहेर. "शून्य करतोय," ते म्हणाले. "खात्रीची ओळ फक्त बघते. ती काढली तर कामात काही फरक पडता कामा नये. फरक पडला तर ती खात्री नव्हतीच." मग एकेकाला विचारलं. माझी पाळी आली.

"तुझ्या ओळी फक्त बघतात ना?"

"हो, साहेब."

मी पाहिलं नव्हतं. मला तसं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी तो प्रोग्राम भरलेली नवी चिप घेऊन मी विंचूरला गेलो. तिथे ट्रे भरणाऱ्या बायकांच्या मुकादम होत्या हौसाबाई. माझ्या आईच्या वयाच्या. नऊ वाजून पाच मिनिटांनी मी बटण दाबलं. पट्टी सरसर बाहेर आली: पंखा सुरू झाला. भट्टी तापते आहे. सगळं ठीक. मी ती पट्टी अभिमानानं हौसाबाईंना वाचून दाखवली.

अर्ध्या तासात वास सुटला. वाईट म्हणता येणार नाही असा, लग्नाच्या स्वयंपाकाचा वास.

हौसाबाई म्हणाल्या, "इंजिनेर, कांदा तळतोय."

मी म्हणालो, "मावशी, पट्टी बघा. पंखा सुरू झाला, असं लिहिलंय."

"पट्टी म्हणती पंखा चालू हाय. नाक म्हणतं नाय."

"यंत्र खोटं बोलत नाही, मावशी."

त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. भट्टीच्या जाळीपाशी गेल्या आणि पदराचं टोक जाळीसमोर धरलं. पदर सरळ खाली लोंबत होता.

"हालतोय का?"

हालत नव्हता. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. दार उघडलं तर खालचे सगळे ट्रे तांबूस, कुरकुरीत. एक बाई म्हणाली, "लय झ्याक झालाय, आता भात तेवढा आणा." दुसरी म्हणाली, "इंजिनेर हाय का आचारी?" सगळ्या हसत होत्या. कारखान्याचे शेठ तेवढे हसत नव्हते. ते म्हणाले, "हा डबा आजच्या आज उचला. तुमच्या मालकाला मीच फोन करतो."

मी नाशिकला साहेबांना फोन लावला. झालं ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पट्टी फाडू नकोस. येतो."

दुपारच्या आत ते एसटीतून उतरले. शर्टाच्या खिशात कापसात गुंडाळलेली जुनी चिप, खात्र्या असलेली. आले ते थेट ट्रेपाशी. एक काप तोंडात टाकला, चावला, वहीत लिहिलं. मग माझ्याकडे वळले.

"घाबरलास का?"

"नाही, साहेब."

तेही लिहून घेतलं.

त्यांनी जुनी चिप बसवली, बटण दाबलं, आणि पंखा घरघरला. हौसाबाईंचा पदर हवेनं उडाला. साहेबांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "बघ," ते म्हणाले. "खात्र्या होत्या, पंखा फिरला. खात्र्या काढल्या, कांदा तळला. दहा वर्षं मालकांना हेच सांगतोय. आता हे तळलेले काप डब्यात भरून त्यांच्या टेबलावर ठेवतो."

ते रिकामा डबा मागायला आत गेले, आणि मी प्रोग्रामचे कागद उलगडले. मला माझी ओळ लगेच दिसली.

पंखा सुरू करणारा तुकडा मीच लिहिला होता. तो पंखा सुरू करायचा आणि झाला की नाही ते कळवायचा. मी हुशारी केली होती. तो तुकडा वेगळा न बोलावता खात्रीच्या ओळीतूनच बोलावला, म्हणजे एका ओळीत पंखा सुरूही होतो आणि तपासलाही जातो. वॉचमनला नळ बंद आहेत का बघायला सांगावं, आणि त्यानं न सांगता रोज ते बंदही करत राहावं, तसं. वॉचमन असेपर्यंत कोणाला काही कळत नाही. आणि "पंखा सुरू झाला" ही नोंद मी त्याच्या खाली नुसती लिहून टाकली होती. पंखा फिरो न फिरो, ती छापली जाणारच.

मी गप्प बसलो असतो तर दोष मालकांच्या हुकमावर गेला असता. साहेब जिंकले असते, माझी नोकरी पक्की झाली असती. सगळ्यांनाच चाललं असतं, मालक सोडून. साहेब डबा घेऊन बाहेर आले. 

"साहेब," मी म्हणालो, "खात्र्या काढल्या म्हणून नाही झालं. माझी ओळ बघत नव्हती. ती पंखा सुरू करत होती."

त्यांनी कागद हातात घेतला.  दहा वर्षांचं भांडण त्यांनी जेमतेम दहा मिनिटं जिंकलं होतं. मग डबा हौसाबाईंना परत दिला.

"लिहून दे," ते मला म्हणाले.

मी पोत्यावर बसून लिहिलं. सुरुवात केली, "माझ्या हातून अक्षम्य अपराध घडला आहे." साहेबांनी लाल पेन्सिलीनं रेघ मारली. "अपराध कोणत्या ओळीत?" दुसऱ्या वेळी शेवटी लिहिलं, "तरी मोठ्या मनाने क्षमा करावी." पुन्हा रेघ. "क्षमा ही नोंद नाही. मागायची असेल तर दुसऱ्या कागदावर माग. आणि वेळ कुठे आहे?"

तेवढ्यात त्यांची परतीची गाडी आली. ते पायरीवर उभे राहिले, किल्ली, चष्मा, डबा असं सगळं म्हणून झालं. कंडक्टर म्हणाला, "काका, आत म्हणा." खिडकीतून त्यांनी मला सांगितलं, "तिसरं पोस्टानं पाठव. कार्बन ठेव."

ते पत्र त्यांनी मालकांपुढे ठेवलं. तेव्हा काय झालं ते मला मालकांनीच पुढे कधीतरी सांगितलं. मालकांनी विचारलं, "असल्या माणसाला ठेवायचं?" साहेब म्हणाले, "बाकीच्यांच्या चुका मला शोधाव्या लागतात. यानं आपली ओळ दाखवली." मालक म्हणाले, "म्हणजे खात्र्या काढणं बरोबर होतं तर." साहेब म्हणाले, "तो वेगळा विषय आहे," आणि त्या वेगळ्या विषयावर दोघं जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडले. त्या भांडणात मला घरी पाठवायचं राहूनच गेलं. मी तिथे बावीस वर्षं काढली.

पत्र असं होतं.

विंचूर, गुरुवार, दुपारी तीन वाजता

आदरणीय साहेब यांस,

सा. न. वि. वि.

आज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मी कंट्रोलर सुरू केला. अपेक्षा अशी होती की आधी पंखा सुरू व्हावा, मग भट्टी तापावी. पंखा सुरू झाला नाही. भट्टी तापली. पट्टीवर "पंखा सुरू झाला" असं छापलं गेलं. ते खोटं होतं. पट्टी सोबत जोडली आहे.

कारण: पंखा सुरू करण्याचं काम मी खात्रीच्या ओळीत घातलं होतं. खात्र्या निघाल्या तेव्हा तेही निघालं. ओळ मी लिहिली आहे, दुसऱ्या कोणी नाही. मंगळवारी आपण विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. मी न बघता हो म्हणालो.

चूक पट्टीवरून कळली नाही. ती हौसाबाईंना वासावरून कळली आणि त्यांनी पदर धरून दाखवून दिली. त्यांचं नाव नोंदीत असावं.

सध्याची स्थिती: आपण आणलेली चिप बसवलेली आहे. पंखा फिरतो आहे. मी दर पंधरा मिनिटांनी जाळीसमोर हात धरून बघतो. दुसरा घाणा नीट वाळतो आहे. शेठ अजून रागावलेले आहेत, पण डबा उचला असं तासाभरात म्हणालेले नाहीत.

मला कायम करावं की करू नये याबद्दल मी काही लिहीत नाही.

आपला आज्ञाधारक

ता. क. आपण आज विचारलं, घाबरलास का. मी नाही म्हणालो आणि आपण ते वहीत लिहून घेतलं. ती नोंद चुकीची आहे. मी फार घाबरलो होतो. कृपया दुरुस्त करून घ्यावी.